शेतकऱ्याचा मुलगा, सीटी स्कॅनचा जनक: गॉडफ्रे हाउन्सफील्ड आणि आपलं सायनसचं दुखणं

वर्षानुवर्षं नाक चोंदलेलं, सकाळी उठलं की घशात कफ उतरलेला, फोडणीचा वास येईनासा झालेला, खाली वाकलं की गाल नि कपाळ जड. आपल्याकडे याला सरसकट 'सायनस आहे' असं म्हणतात, आणि असा एखादा माणूस जवळजवळ प्रत्येक घरात सापडतो. वाफारे होतात, काढे होतात, गोळ्यांचे कोर्स होतात. शेवटी कान-नाक-घशाचे डॉक्टर एक चिठ्ठी लिहून देतात, 'सीटी पीएनएस'. मग बेळगाव, मिरज, कोल्हापूर, इंदूर नाहीतर वडोदरा इथल्या एखाद्या सेंटरवर जायचं, यंत्राच्या गोल तोंडात डोकं ठेवून पडायचं आणि दोन-चार मिनिटांत उठायचं. हातात फिल्म पडते, रिपोर्ट पडतो. पैसे मोजल्यावर मनात येतं, याची खरंच गरज होती का?

या प्रश्नाचं उत्तर ज्या माणसाच्या आयुष्यात सापडतं, त्याच्याकडे डॉक्टरकीची पदवी नव्हती आणि विद्यापीठाचीही नव्हती. गॉडफ्रे न्यूबोल्ड हाउन्सफील्ड हे त्यांचं नाव.

गवताची गंजी आणि डांबराची पिंपं

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशर परगण्यात न्यूअर्क नावाचं गाव आहे. तिथे २८ ऑगस्ट १९१९ रोजी गॉडफ्रेचा जन्म झाला. पाच भावंडांत तो सगळ्यात धाकटा. वडिलांची शेती होती. धाकटा असल्यामुळे त्याच्याकडून कुणाची फार अपेक्षा नव्हती आणि शेतावर एकट्याने फिरायला, खटपटी करायला त्याला भरपूर मोकळीक मिळाली. मळणीयंत्र, जनित्र, जे हाताला लागेल ते उघडून बघायचं हा त्याचा छंद. घरी जमवलेल्या सामानातून त्याने विजेवर चालणारी ध्वनिमुद्रणाची यंत्रं केली. स्वतः बनवलेला ग्लायडर घेऊन गवताच्या गंजीवरून उड्या मारल्या. पाण्याने भरलेली डांबराची पिंपं ॲसिटिलीन वायूच्या जोरावर किती उंच उडतात हे बघायच्या नादात एकदा जीवच जायचा, तो थोडक्यात वाचला.

शाळेत मात्र हा मुलगा यथातथाच. गणित आणि भौतिकशास्त्र सोडलं तर कशात मन रमत नसे. आपल्याकडच्या शाळेत असता तर पालकांच्या सभेत त्याच्या नावाने तक्रारच झाली असती.

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर तो रॉयल एअर फोर्समध्ये स्वयंसेवक म्हणून दाखल झाला. तिथे रडार शिकला, पुढे क्रॅनवेलच्या रडार शाळेत शिकवू लागला. रडार म्हणजे तरी काय? जे डोळ्यांना दिसत नाही त्याच्याकडे लहरी पाठवायच्या आणि परत येणाऱ्या खुणांवरून त्याची जागा ओळखायची. युद्ध संपल्यावर एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या शिफारशीने त्याला शिष्यवृत्ती मिळाली आणि लंडनच्या फॅरेडे हाउस या विद्युत अभियांत्रिकीच्या कॉलेजातून त्याने डिप्लोमा घेतला. औपचारिक शिक्षण तिथेच संपलं.

तबकड्यांच्या कंपनीतला इंजिनिअर

१९५१ साली हाउन्सफील्ड लंडनजवळच्या हेज इथे ईएमआय कंपनीत रुजू झाले. हे नाव आपल्याला अगदीच परकं नाही. ग्रामोफोनच्या भोंग्यासमोर कान टवकारून बसलेला कुत्रा आठवतो ना? नाट्यगीतं, भावगीतं, अभंग यांच्या ज्या तबकड्या जुन्या मराठी घरांत जपून ठेवल्या जात, त्यांच्यावरचं एचएमव्हीचं ते चिन्ह याच कंपनीच्या घराण्यातलं. गाणी विकणारी ही कंपनी रडार आणि कॉम्प्युटरही बनवत होती.

तिथे हाउन्सफील्ड यांनी आधी रडारवर काम केलं. मग १९५८च्या सुमारास त्यांच्या नेतृत्वाखाली 'एमिडेक ११००' हा पूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालणारा कॉम्प्युटर तयार झाला. ब्रिटनमधल्या अशा पहिल्या कॉम्प्युटरांत त्याची गणना होते. त्यानंतरचा त्यांचा एक मोठा प्रकल्प व्यापारात परवडणार नाही म्हणून कंपनीने बंद केला. दुसरा एखादा खचला असता. कंपनीने त्यांना थोडा वेळ देऊन नवं काम स्वतःच सुचवायला सांगितलं, आणि याच मोकळ्या काळात, १९६७ साली, लांब पायी भटकंती करताना त्यांच्या डोक्यात एक विचार घोळू लागला. बंद पेटी न उघडता, तिच्यातून सगळ्या बाजूंनी किरण पाठवून आत कुठे काय आहे ते सांगता येईल का?

ही कल्पना समजायला अवघड नाही. शाळेत चौकटींचं कोडं असायचं. आडव्या नि उभ्या ओळींच्या बेरजा दिलेल्या असायच्या आणि चौकटींतले आकडे शोधायचे. क्ष-किरण शरीरातून पार होतो तेव्हा वाटेत जे जे लागतं ते त्याला थोडं थोडं अडवतं. पलीकडे पोचलेला किरण म्हणजे त्या ओळीची बेरीज. एकाच दिशेची बेरीज घेतली तर साधा एक्स-रे मिळतो, ज्यात पुढचं-मागचं सगळं एकावर एक पडतं. शेकडो दिशांनी बेरजा घेतल्या तर आतला प्रत्येक आकडा सोडवता येतो. हाताने ते गणित करायला जन्म पुरणार नाही, म्हणून कॉम्प्युटर हवा.

या गणिताचा पाया १९१७ साली योहान राडॉन या ऑस्ट्रियन गणितज्ञाने घातला होता. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले ॲलन कॉर्मॅक यांनी १९६३ आणि १९६४ साली याच विषयावर निबंध छापले होते, पण फारसं कुणी लक्ष दिलं नव्हतं. हाउन्सफील्ड स्वतंत्रपणे आपल्या वाटेने चालले होते.

नऊ दिवसांचं एक चित्र

पहिलं यंत्र बघून कुणी हसलंच असतं. जुन्या लेथचा सांगाडा, त्यावर अमेरिसियम या किरणोत्सारी धातूचा तुकडा आणि समोर किरण मोजणारं उपकरण. एका चित्रासाठी सुमारे २८ हजार मोजमापं लागत आणि ती घ्यायला नऊ दिवस. मग कॉम्प्युटरला हिशेब करायला अडीच तास. क्ष-किरणांची नळी बसवल्यावर नऊ दिवसांचे नऊ तास झाले. तपासायला कधी जतन केलेला मानवी मेंदू, तर कधी खाटकाकडून आणलेला बैलाचा ताजा मेंदू.

लोक गंमतीने म्हणतात की बीटल्सच्या गाण्यांच्या कमाईतून सीटी स्कॅन जन्माला आला. ईएमआय श्रीमंत होती हे खरं, पण ब्रिटनच्या सरकारी आरोग्य खात्यानेही या कामात मोठा पैसा घातला होता, हे त्या गोष्टीत सहसा येत नाही.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलमध्ये पहिल्यांदा एका रुग्णाचं डोकं या यंत्रात ठेवलं गेलं. मेंदूच्या पुढच्या भागात गाठ असावी अशी शंका असलेली ती एक महिला होती. क्ष-किरण तज्ज्ञ जेम्स ॲम्ब्रोज बरोबर होते. चित्रात गाठ स्पष्ट दिसली. तोपर्यंत जिवंत माणसाच्या मेंदूत काय चाललंय हे बघायला रक्तवाहिनीत औषध टोचावं लागे किंवा मणक्यातून हवा भरावी लागे, आणि रुग्णाचे फार हाल होत. १९७२च्या एप्रिलमध्ये लंडनमध्ये हे काम डॉक्टरांपुढे मांडलं गेलं आणि काही वर्षांतच जगभरातून यंत्रांना मागणी आली.

हवा, पाणी आणि हाड

हाउन्सफील्ड यांनी चित्राबरोबर एक मोजपट्टीही दिली. आज जी वापरतात तिच्यात पाण्याला शून्य, हवेला उणे १०००, आणि घट्ट हाडाला साधारण १००० किंवा त्याहून जास्त. चरबी शून्याच्या थोडी खाली, मांस थोडं वर. या मापाला 'हाउन्सफील्ड युनिट' म्हणतात. रिपोर्टात कधी 'एचयू' अशी अक्षरं दिसली तर ती याच माणसाची आठवण.

आता आपल्या सायनसकडे या. सायनस हा मुळात आजारच नाही. चेहऱ्याच्या हाडांतल्या हवेच्या पोकळ्यांना सायनस म्हणतात आणि त्या सगळ्यांनाच असतात. दोन गालांत, दोन कपाळात, दोन डोळ्यांच्या मधे मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या बारीक कोठड्या आणि मागे खोलवर आणखी दोन. म्हणजे हाडाच्या भिंती नि आत हवा. मोजपट्टीची दोन टोकं इथे शेजारी शेजारी येतात. म्हणून निरोगी सायनस सीटीत काळाभोर दिसतो आणि भोवती हाडाची पांढरी रेघ. आतलं अस्तर सुजलं, शेंबूड साचला किंवा मऊ गाठी, म्हणजे पॉलिप, वाढले की त्या काळ्याच्या जागी करडं दिसू लागतं. बुरशीचा घट्ट साका असेल तर त्या करड्यात पांढरट डाग दिसतात.

पण ही सोय लगेच मिळाली नाही. पहिल्या यंत्राचं चित्र ८० बाय ८० चौकटींचं होतं. एकेक चौकट तीन मिलिमीटरची आणि काप तेरा मिलिमीटर जाडीचा. डोळा आणि सायनस यांच्यामधलं हाड तर कागदाइतकं पातळ असतं. ते दिसायला कापही तितकेच बारीक हवे होते, आणि ते पुढच्या दहा-पंधरा वर्षांत होत गेले.

त्याच काळात ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात वॉल्टर मेसरक्लिंगर नावाचे डॉक्टर नाकात दुर्बीण घालून वेगळंच काही बघत होते. सायनसमधला चिकट स्राव आपोआप खाली गळत नाही. अस्तरावरचे सूक्ष्म केस तो ठरलेल्या वाटेने नैसर्गिक तोंडाकडे ढकलत नेतात. गालातल्या सायनसचं तोंड तर वरच्या अंगाला असतं, म्हणजे प्रवास चढणीचा. त्यामुळे पूर्वीच्या ऑपरेशनमध्ये तळाशी भोक पाडलं तरी स्राव ते ओलांडून जुन्याच तोंडाकडे जायचा. बिघाड बहुधा त्या अरुंद तोंडाशी आणि डोळ्यांमधल्या बारीक कोठड्यांत असतो. नेमकी हीच जागा साध्या एक्स-रेमध्ये सावल्यांच्या गर्दीत लपते.

१९८०च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये सर्जन डेव्हिड केनेडी आणि क्ष-किरण तज्ज्ञ जेम्स झिनराइक यांनी दुर्बीण आणि सीटीचे समोरून घेतलेले काप यांची सांगड घातली. तेव्हा रुग्णाला पालथं झोपवून मान मागे ताणून धरावी लागे. आता उताणं झोपलं की झालं, बाकीच्या दिशांचे काप कॉम्प्युटर स्वतः रचतो. हाउन्सफील्ड यांनी मेंदूसाठी केलेलं यंत्र असं नाकापर्यंत पोचलं.

स्कॅन कधी, कशासाठी?

हाउन्सफील्ड हे मोजमापाचे माणूस होते. योग्य प्रश्न विचारून घेतलेलं मापच कामाचं, हे सायनसच्या बाबतीत फार लक्षात ठेवण्यासारखं आहे.

साध्या सर्दीत स्कॅन काढला तर तो बिघडलेलाच दिसणार. १९९४ साली छापलेल्या एका अमेरिकन अभ्यासात नुकतीच सर्दी झालेल्या ३१ जणांचे स्कॅन काढले, तर २७ जणांच्या गालातल्या सायनसमध्ये दोष दिसला. दोन आठवड्यांनी, ॲंटिबायोटिक न देताही, बहुतेकांचा तो दोष कमी झाला किंवा गेला. म्हणजे ताप-सर्दी झाली म्हणून धावत जाऊन सीटी काढण्यात अर्थ नाही.

जुनाट सायनुसायटिस म्हणायचं तर त्रास १२ आठवडे किंवा जास्त हवा. नाक चोंदणं किंवा पुढून-मागून स्राव येणं, यातलं एक तरी हवं. जोडीला चेहऱ्यावर दाब-दुखणं किंवा वास कमी येणं यांसारखं दुसरं लक्षणही हवं. त्यावर दुर्बिणीत किंवा सीटीत पुरावा दिसायला हवा. नुसत्या लक्षणांवर शिक्का मारता येत नाही आणि नुसत्या फिल्मवरही नाही. म्हणूनच डॉक्टर बहुधा आधी नाकातले फवारे, मिठाच्या पाण्याने नाक धुणं असे उपचार काही आठवडे देतात आणि त्यानंतरही त्रास उरला तर स्कॅन काढतात. तेव्हा जे दिसतं ते खरं मुरलेलं दुखणं असतं.

स्कॅनवरून गुण देण्याचीही पद्धत आहे. व्हॅलरी लुंड आणि इयान मॅके या ब्रिटिश डॉक्टरांनी १९९३ साली ती मांडली. दोन्ही बाजूंचे मिळून शून्य ते २४ गुण. शून्य म्हणजे सगळं मोकळं, २४ म्हणजे सगळं भरलेलं. पण ज्यांना काहीच त्रास नाही अशा मोठ्या माणसांचेही गुण सरासरीने चारच्या आसपास भरल्याचं आढळलं आहे. रिपोर्टात 'थोडी जाडी' असं लिहिलेलं वाचून घाबरायला नको ते यासाठीच.

उलटंही तितकंच खरं. ऐन त्रासात काढलेला स्कॅन स्वच्छ निघाला तर पैसे वाया गेले असं अनेकांना वाटतं. पण तो रिपोर्ट मोठंच काम करतो. वर्षानुवर्षं 'सायनस' म्हणून गोळ्या खाणाऱ्या बऱ्याच जणांचं दुखणं खरं तर अर्धशिशीचं असतं. स्वच्छ स्कॅन त्यांना योग्य डॉक्टरकडे वळवतो आणि नको ते ऑपरेशन वाचवतो. एकाच बाजूचा गालातला सायनस भरलेला दिसला, तर वरच्या दाढेचं मूळ सडलेलं आहे का हेही फिल्म सांगते. मग आधी दाताच्या डॉक्टरकडे जायचं. एका बाजूच्या दोषात बुरशीचा गोळा किंवा क्वचित गाठही असू शकते, म्हणून तो कधी अंगावर काढू नये. २०२१ साली कोविडच्या लाटेत काळ्या बुरशीने महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये हाहाकार माजवला तेव्हा बुरशी सायनसमधून डोळ्याकडे, मेंदूकडे किती पसरली हे डॉक्टर सीटी आणि एमआरआयवरच बघत होते.

आणि ऑपरेशन ठरलं तर सीटी हा सर्जनचा नकाशा. एका बाजूला डोळा, वर मेंदू, मागे डोळ्याची नस. मेंदूखालचं हाड कुणात उथळ, कुणात खोल, आणि दर माणसागणिक वेगळं. तो नकाशा न बघता आत शिरणं म्हणजे अमावास्येला घाट उतरणं.

किरणांची भीतीही अनेकांना वाटते. सायनसच्या आजच्या स्कॅनमध्ये मिळणारा मारा सहसा निसर्गातून वर्षभरात मिळणाऱ्या किरणांपेक्षा कमी असतो. म्हणून एका स्कॅनला घाबरू नये, पण दर सर्दीला, विशेषतः लहान मुलांचा, काढू नये. दिवस गेले असतील किंवा तशी शक्यता असेल तर आधी सांगावं.

सन्मान आले, माणूस तसाच राहिला

१९७९ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल हाउन्सफील्ड आणि कॉर्मॅक यांना विभागून मिळालं. दोघांपैकी एकाकडेही डॉक्टरेट नव्हती. १९८१मध्ये हाउन्सफील्ड यांना 'सर' ही पदवी मिळाली. त्यांनी लग्न केलं नाही. पायी भटकणं, डोंगर चढणं, थोडाफार पियानो, एवढेच शौक. नोबेलच्या पैशातून त्यांनी घरच्या बैठकीतच प्रयोगशाळा मांडली. १९८६ साली निवृत्त झाल्यावरही सल्लागार म्हणून काम चालूच होतं. तोवर ईएमआयने स्कॅनरचा धंदा सोडून दिला होता आणि मोठमोठ्या दुसऱ्या कंपन्या त्या बाजारात पुढे गेल्या होत्या. १२ ऑगस्ट २००४ रोजी, वयाची ८५ वर्षं पूर्ण व्हायला काही दिवस बाकी असताना, त्यांचं निधन झालं.

नऊ दिवस लागणारं चित्र आता काही सेकंदांत मिळतं. पण एक काम यंत्र आपल्यासाठी करत नाही. चिठ्ठी हातात पडली की डॉक्टरांना विचारावं, स्कॅन आताच का, आणि त्यात काय दिसलं तर उपचार बदलणार आहे? उत्तर मिळालं की निर्धास्त जावं. नुसता रिपोर्टचा कागद नको, फिल्म किंवा सीडीही मागून घ्यावी आणि कपाटात जपून ठेवावी. उद्या बेळगावहून मिरजेला किंवा इंदूरहून पुण्याला दुसऱ्या डॉक्टरकडे जायची वेळ आली तर ती बरोबर न्यावी. नवा स्कॅन वाचेल, पैसे वाचतील, आणि आधी काय होतं, आता काय आहे, हे डॉक्टरांना शेजारी शेजारी ठेवून बघता येईल.